दवाखाना शेजारी, तरी बाळ का दगावते?

अमेरिका म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे मोठाली रुग्णालये, काचेच्या पेटीत ठेवलेली इवलीशी बाळे आणि त्यांच्याभोवतीची यंत्रे उभी राहतात. लेक किंवा सून तिकडे बाळंत होणार असली, की आपल्याकडची माणसे निर्धास्तपणे म्हणतात, "तिथं काय, सगळ्या सोयी आहेत." पुष्कळ अंशी ते खरेही आहे. पण त्याच अमेरिकेतला एक आकडा वाचला, की बाळंतपणे करण्यात आयुष्य गेलेली माझ्यासारखी डॉक्टरही विचारात पडते.

२०२२ साली अमेरिकेत गोऱ्या मातांच्या दर हजार बाळांपैकी साधारण ४.५ बाळे वर्षाची होण्याआधी दगावली. कृष्णवर्णीय मातांच्या दर हजार बाळांपैकी १०.९ दगावली. म्हणजे दुपटीहूनही अधिक. देश एकच, औषधे तीच, वैद्यकाची पुस्तके तीच. मग हा फरक कुठून आला? आणि तो कमी करायला तिथल्या लोकांनी काय केले? आजच्या लेखात याचा विचार करू. प्रश्न त्यांचा असला तरी त्याच्या उत्तरात आपल्यालाही शिकण्यासारखे बरेच आहे.

अर्भक मृत्युदर म्हणजे काय?

जिवंत जन्मलेल्या दर हजार बालकांपैकी पहिला वाढदिवस येण्याआधी किती बालके मरण पावतात, त्या संख्येला अर्भक मृत्युदर म्हणतात. एखाद्या समाजाची तब्येत जोखायला यासारखे दुसरे माप नाही. आईला पोटभर अन्न मिळते का, पाणी स्वच्छ आहे का, बाई किती दमते, अडचणीला कोणी धावून येते का, या सगळ्याचे उत्तर त्या एका आकड्यात असते.

अमेरिकेतील अर्भक मृत्यूंपैकी जवळजवळ दोन तृतीयांश मृत्यू पहिल्या २८ दिवसांतच होतात. त्यामागचे एक मोठे कारण म्हणजे अपुऱ्या दिवसांचा जन्म. ३७ आठवडे पुरे होण्याआधी जन्मलेले बाळ आपण अपुऱ्या दिवसांचे मानतो. २०२२ साली गोऱ्या मातांची शंभरात सुमारे ९ बाळे अशी होती, तर कृष्णवर्णीय मातांची १४ ते १५. म्हणजे फरकाची सुरुवात बाळ आईच्या पोटात असतानाच होते.

दोष रक्ताचा की शिक्षणाचा?

पूर्वी पुष्कळांची समजूत होती, की हा फरक वंशाचाच असणार. शिकागोतील दोन डॉक्टरांनी, रिचर्ड डेव्हिड आणि जेम्स कॉलिन्स यांनी, ती तपासून पाहिली. त्यांनी इलिनॉय राज्यातील जन्मनोंदी घेऊन १९९७ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. अमेरिकेत जन्मलेल्या गोऱ्या मातांच्या बाळांचे सरासरी वजन ३,४४६ ग्रॅम भरले. आफ्रिकेत जन्मून अमेरिकेत आलेल्या कृष्णवर्णीय मातांच्या बाळांचे ३,३३३ ग्रॅम. आणि अमेरिकेतच जन्मलेल्या, वाढलेल्या कृष्णवर्णीय मातांच्या बाळांचे ३,०८९ ग्रॅम. रक्ताचाच दोष असता, तर थेट आफ्रिकेतून आलेल्या बायकांची बाळे सर्वांत लहान भरायला हवी होती. ती गोऱ्यांच्या बाळांच्या बरीच जवळ निघाली.

मग दोष शिक्षणाचा म्हणावा, तर तेही पुरे पडत नाही. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आईवडील दोघेही पदवीधर असलेली बाळेच तेवढी घेतली होती. त्यांतही कृष्णवर्णीयांचा मृत्युदर हजारी १०.२ आणि गोऱ्यांचा ५.४ निघाला. हा जास्तीचा फरक मुख्यतः फारच कमी वजनाच्या बाळांमुळे होता.

आर्लिन जेरोनिमस या संशोधक बाईंनी याचा एक खुलासा मांडला. उन्हापावसात राहिलेले लाकूड जसे वेळेआधी झिजते, तसे रोजच्या अपमानाने, काळजीने आणि ओढाताणीने शरीर वेळेआधी झिजते, असे त्या म्हणतात. रक्तदाब लवकर वाढतो. सततच्या ताणाचा परिणाम गर्भावरही होतो. ही झीज नऊ महिन्यांत सुरू होत नाही आणि केवळ नऊ महिन्यांच्या गोळ्यांनी भरूनही येत नाही. हा मुद्दा ध्यानात ठेवा, पुढे तो लागणार आहे.

बंद दारे उघडली तेव्हा

अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत १९६० च्या दशकापर्यंत अनेक रुग्णालयांत कृष्णवर्णीयांना प्रवेशच नसे, किंवा त्यांच्यासाठी तळघरातला वेगळा वॉर्ड असे. १९६४ साली नागरी हक्कांचा कायदा झाला. पाठोपाठ, वृद्धांच्या उपचारांसाठी मेडिकेअर योजनेचे सरकारी पैसे हवे असतील तर भेदभाव चालणार नाही, अशी अट आली. रुग्णालयांची दारे उघडली. त्यानंतर मिसिसिपी राज्यात जुलाब आणि न्यूमोनियाने मरणाऱ्या कृष्णवर्णीय बाळांची संख्या झपाट्याने खाली आली. या मरणांवर औषध होते. मिळत नव्हता तो प्रवेश.

त्याच राज्यात माउंड बायू नावाच्या गावी डॉ. जॅक गायगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या दशकात एक आरोग्य केंद्र काढले. तिथे येणारी मुले उपाशी असत. डॉक्टरांनी औषधाच्या चिठ्ठीवर दूध, भाजी, मांस लिहून द्यायला सुरुवात केली. दुकानदाराने जिन्नस द्यायचे आणि बिल केंद्राच्या औषधखात्यातून फेडायचे. वरून विचारणा झाली तेव्हा गायगर यांनी दिलेले उत्तर प्रसिद्ध आहे. कुपोषणावर पुस्तकात सांगितलेले औषध अन्न हेच आहे, असे त्यांनी सुनावले. केंद्राच्या लोकांनी विहिरी काढल्या, संडास बांधले, भाजीपाल्याची सामुदायिक शेती उभी केली. गरोदर बाईची काळजी म्हणजे फक्त पोट तपासणे नव्हे, हे त्यांनी करून दाखवले.

बाल्टिमोरची गोष्ट

आता एका शहराकडे वळू. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याजवळ बाल्टिमोर नावाचे शहर आहे. तिथले जॉन्स हॉपकिन्स रुग्णालय १८८९ साली सुरू झाले. जगातल्या नामांकित रुग्णालयांत त्याची गणना होते. तरीही २००९ साली या शहराचा अर्भक मृत्युदर हजारी १३.५ होता आणि सर्वांत जास्त झळ कृष्णवर्णीय वस्त्यांना बसत होती. रुग्णालय शहरातच होते, पण बाई तिथवर वेळेत पोचत नव्हती.

का पोचत नव्हती? गरीब गरोदर बायकांच्या उपचारांचा खर्च उचलणारी मेडिकेड ही सरकारी योजना तिकडे आहे. पण तासावर मजुरी करणारी बाई तपासणीला गेली, की तेवढ्या वेळेचे पैसे बुडतात. दोन बसगाड्या बदलायच्या, आधीची मुले कोणाकडे तरी ठेवायची, तिथे तास-दोन तास बसायचे, आणि शेवटी आपले म्हणणे कोणी नीट ऐकून घेतले नाही, तर पुढच्या वेळी पाय उचलत नाही. नकाशावरचे अंतर थोडे असले, तरी मनातले फार लांब असते.

हे आपल्याला परके वाटायला नको. माझ्या दवाखान्यामागच्या गल्लीत राहणारी एक सून आठव्या महिन्यात पहिल्यांदा माझ्याकडे आली. चालत पाच मिनिटांचे अंतर. पायांवर, चेहऱ्यावर सूज आणि रक्तदाब खूप वाढलेला. "आधी का नाही आलीस ग?" म्हणून विचारले, तर म्हणाली, "घरात दुपारचं कोण करणार, बाई? आणि दुखत तर काहीच नव्हतं." त्याच रात्री तिला जिल्ह्याच्या ठिकाणी हलवावे लागले. ती वाचली. दीड किलोचे बाळ तिसऱ्या दिवशी गेले. वाढलेला रक्तदाब दुखत नाही. म्हणून तर तो कोणीतरी जाऊन मोजावा लागतो.

दार ठोठावणारी बाई

अमेरिकेत नर्सने घरोघर जायची कल्पना तशी जुनी आहे. १९२१ साली तिथे माता-बाल आरोग्यासाठी शेपर्ड-टाउनर कायदा झाला. त्यातून गावोगाव नर्स फिरल्या आणि सुईणींना शिक्षण मिळाले. त्या घरभेटींचा फायदा कृष्णवर्णीय बाळांना अधिक झाला, असे पुढे अभ्यासकांना दिसून आले. पण १९२९ साली तो निधी बंद पडला.

१९९१ साली 'हेल्दी स्टार्ट' नावाची सरकारी योजना आली. ज्या भागांत अर्भक मृत्युदर देशाच्या सरासरीच्या दीड ते अडीच पट होता, असे १५ भाग निवडले गेले. बाल्टिमोर, शिकागो, डेट्रॉइट ही शहरे त्यांत होती, तशाच उत्तरेकडील आदिवासी वस्त्याही होत्या. योजनेचा गाभा साधा होता. त्याच वस्तीतल्या बायकांना शिकवून कामाला लावायचे. त्या दारोदार जाऊन गरोदर बाई हुडकणार, तिची नोंद करणार, तपासणीला सोबत जाणार, बाळ झाल्यावरही येत राहणार.

सगळीकडे लगेच यश आले, असे सांगणे खोटे ठरेल. अनेक ठिकाणी तपासणीचे प्रमाण सुधारले, पण मृत्युदर मात्र सगळीकडे उतरला नाही. त्यातून धडा मिळाला, की बाईला नुसते तपासणीच्या रांगेत आणून उभे करणे पुरेसे नाही. झीज नऊ महिन्यांची नसते, हे आपण वर पाहिलेच. घर, अन्न, बाळंतपणानंतरची काळजी, दोन मुलांमधले अंतर, या सगळ्यांना हात घालावा लागतो.

बाल्टिमोरने २००९ साली हा धडा घेऊन नवी मोहीम उघडली. शहराचे आरोग्य खाते, रुग्णालये, विद्यापीठे, चर्च आणि वस्तीतल्या संस्था एकत्र आल्या. गरोदर बाईला जोखीम किती, याचा फॉर्म डॉक्टरांनी भरून एकाच ठिकाणी पाठवायचा. तिथून कोणाकडे नर्स जाईल, कोणाकडे वस्तीतली कार्यकर्ती जाईल, हे ठरायचे. तंबाखू सोडायला मदत, पुढच्या मुलाच्या नियोजनाबद्दल सल्ला, अंगावर पाजण्यासाठी आधार, अशी कामे त्यात होती.

आणि एक अगदी बिनखर्चाचा संदेश होता. बाळाला एकटे, उताणे आणि त्याच्या स्वतःच्या बिछान्यात झोपवा. पालथे झोपल्याने, मऊ उशा-गाद्यांत तोंड दबल्याने किंवा मोठ्या माणसाच्या अंगाखाली येऊन झोपेत बाळे दगावतात. बाळाला उताणे झोपवण्याची देशव्यापी मोहीम अमेरिकेत १९९४ पासून होती आणि झोपेतले अचानक मृत्यू त्यानंतर निम्म्यावर आले होते. तरी निरोप सर्वांपर्यंत सारखा पोचला नव्हता. पत्रक वाचून जी गोष्ट पटत नाही, ती ओळखीच्या बाईने घरात येऊन, बिछाना पाहून सांगितली की पटते.

२०१५ साली बाल्टिमोरचा दर ८.४ वर आला. काळ्या-गोऱ्यांतले अंतर कमी झाले. ते मिटले मात्र नाही.

असाच अनुभव मेम्फिस शहरातला. १९९० साली तिथे पहिलटकरणींवर एक मोठा अभ्यास सुरू झाला. त्यांतल्या बहुतेक कृष्णवर्णीय आणि गरीब होत्या. काहींच्या घरी गरोदरपणापासून मूल दोन वर्षांचे होईपर्यंत एक ठरलेली नर्स जात राहिली. वीस वर्षांनी नोंदी पाहिल्या. ज्या घरी नर्स गेली नव्हती, तिथली शंभरात १.६ मुले टाळता येण्याजोग्या कारणांनी गेली होती. नर्स गेलेल्या घरांत असा एकही मृत्यू नव्हता. यात दर वेळी नवा चेहरा नव्हता, एकच नर्स होती, हे महत्त्वाचे. ओळख झाल्याशिवाय बाई खरे सांगत नाही.

अलीकडे आणखी एक दार उघडले आहे. बाळंतपणानंतर आईचे मेडिकेड पूर्वी ६० दिवसांत संपू शकत असे. २०२१ च्या कायद्याने राज्यांना ते वर्षभर चालू ठेवण्याची मुभा दिली आणि बहुतेक राज्यांनी ती घेतली.

आपल्या मातीतला धागा

वाचकहो, बाल्टिमोरचे आणि महाराष्ट्राचे एक नाते आहे. जामखेडला १९७० साली गावकऱ्यांच्या आरोग्याचे काम उभे करणारे डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे, तसेच गडचिरोलीचे डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग, ही दोन्ही दांपत्ये सार्वजनिक आरोग्य शिकायला जॉन्स हॉपकिन्समध्ये होती. शिकून परत आल्यावर त्यांनी बांधला तो भरवसा मात्र गावातल्या बाईवर. जामखेडला निरक्षर, दलित बायाही आरोग्यसेविका झाल्या. गडचिरोलीत ३९ गावांत आरोग्यदूत बायकांनी नवजात बाळाची काळजी घरातच घ्यायला सुरुवात केली. वजन करणे, ऊब देणे, श्वास मोजणे, जंतुदोष ओळखून उपचार करणे. नवजात मृत्युदर हजारी ६२ होता, तो १९९८ पर्यंत २५ च्या आसपास आला. १९९९ साली हे काम 'लॅन्सेट' या नामांकित नियतकालिकात छापून आले. २०११ पासून देशभरातल्या आशाताई याच धर्तीवर नवजात बाळाच्या घरी भेटी देतात.

म्हणून अमेरिकेचा आकडा वाचून आपण नाक मुरडायचे कारण नाही. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आपल्या देशात अनुसूचित जातींचा अर्भक मृत्युदर हजारी सुमारे ४५, अनुसूचित जमातींचा ४४ आणि यांत किंवा इतर मागासवर्गात न मोडणाऱ्यांचा ३२ होता. तिकडे रंग आडवा येतो, इकडे जात आणि पाडा. बाळाला त्यातले काहीच ठाऊक नसते.

आपण काय करावे?

पाळी चुकली की बारा आठवड्यांच्या आत नाव नोंदवा. निदान चार वेळा तपासणी व्हायलाच हवी. जमेल तितक्या अधिक झाल्या तर उत्तम. प्रत्येक वेळी रक्तदाब, वजन, रक्त आणि लघवी तपासून घ्या. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर मातांची मोफत तपासणी असते.

लोहाच्या गोळ्यांनी शौचाला काळे होते म्हणून त्या बंद करू नका. जेवणानंतर घ्या, चहाबरोबर घेऊ नका. मिश्री लावणे म्हणजे तंबाखूच खाणे. त्याने बाळाचे वजन घटते.

डोके फार दुखणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे, चेहऱ्यावर सूज, झटके, अंगावरून रक्त किंवा पाणी जाणे, ताप, बाळाची हालचाल मंदावणे, यांतले एकही लक्षण दिसले तर सकाळची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा. दिवस भरण्याआधी कळा सुरू झाल्या आणि बाई वेळेत पोचली, तर बाळाची फुप्फुसे लवकर तयार व्हावीत म्हणून आईला इंजेक्शन देता येते. पण त्यालाही काही तास हाती लागतात.

लहान बाळाला जन्मतःच अंघोळ घालू नका. आईच्या उघड्या छातीशी धरून ऊब द्या. पहिल्या तासात अंगावर पाजा. मध, गुळाचे पाणी नको. झोपवताना उताणे ठेवा.

सासूबाईंना आणि घरच्या पुरुषांना माझे एक सांगणे आहे. तपासणीच्या दिवशी सुनेला घरकामातून मोकळे करा आणि कोणीतरी सोबत जा. आशाताई आली तर तिला उंबऱ्यावरून परत पाठवू नका. तिला आत बोलवा, पाणी द्या, सुनेशी चार शब्द निवांत बोलू द्या.

आणि आपल्या गल्लीकडे, वस्तीकडे, शेतावरच्या झोपडीकडे एकदा नजर टाका. ऊसतोडीला आलेली, वीटभट्टीवर राहणारी, भाषा न समजणारी एखादी पोटुशी बाई तिथे असेल, जिचे नाव कुठल्याच वहीत नाही. तिची खबर या आठवड्यातच आशाताईला द्या.